भोंगा सिस्टर

भोंगा हे नाव तिला मीच ठेवलं. आम्ही दोघी परिचारिका प्रशिक्षणाला एकाच खोलीत होतो. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकीला उभं राहून स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं, आणि ही उभी राहून असं काही खणखणीत बोलली की खिडकीच्या कट्ट्यावरची कबुतरं उडून गेली. तिनंही उसनं ठेवलं नाही. माझ्या मनगटावर घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातसुद्धा सैल व्हायचा, म्हणून मी झाले काडी. पुढे आम्हाला एकाच मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली, तीही एकाच वॉर्डात, आणि खरी नावं फक्त पगारपत्रकावर उरली.

आमचा वॉर्ड बायकांचा. दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून आलं की उजव्या हाताला. भिंतीला लागून खाटांच्या दोन रांगा, आणि खाटा भरल्या की मधल्या जागेत गाद्या. त्या गाद्यांमधून ट्रॉली नेणं म्हणजे गर्दीच्या बाजारातून हातगाडी हाकण्यासारखं. दाराजवळ आमचं टेबल, त्यामागे औषधांचं कपाट, आणि कोपऱ्यात एक बेसिन, ज्याचा नळ आम्ही कापडाच्या चिंधीने बांधून ठेवलेला, कारण दुरुस्तीला माणूस यायचाच नाही.

भोंगाचे चांगले दिवस मी पाहिलेत, म्हणून हे सगळं सांगावंसं वाटतं. ती वॉर्डात शिरली की झोपलेल्या पेशंटलाही कळायचं. एखादी म्हातारी औषध घेईना, तर ही कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि म्हणायची, "आजी, तोंड उघडता की मी गाणं म्हणू?" तिने एकदा खरंच म्हटलं होतं. त्यानंतर शेजारच्या खाटेवरच्या बायकाच त्या आजींना सांगायच्या, "घ्या हो, घ्या पटकन, आमच्यावर दया करा." नातेवाईक तिला टरकून असायचे, आणि घरी जाताना आधी तिलाच शोधायचे. कोणाची सून भेटायला येत नाही, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणाला अंधाराची भीती वाटते, हे सगळं तिला ठाऊक असायचं. ते कुठे लिहून ठेवावं लागत नसे. तिचं लक्ष असायचं, एवढंच.

मग माणसं कमी व्हायला लागली. एक सिस्टर निवृत्त झाली, एक बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही, आणि एकीने परदेशातली नोकरी पकडली. प्रत्येक वेळी आम्हाला सांगण्यात आलं की हे तात्पुरतं आहे, भरती होईपर्यंत जरा सांभाळून घ्या. आधी एका पाळीला तिघी असायचो, मग दोघी, मग एकटी. मदतीला फक्त मावशी, म्हणजे आमच्या वॉर्डातली आया, जिचे गुडघेच आमच्या पेशंटपेक्षा जास्त पेशंट होते. वॉर्डबॉय अपघात विभागात नेले. मग ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणायचा कोणी? सिस्टरने. चाकाची खुर्ची शोधायची कोणी? सिस्टरने. त्यातच संगणक आला. आता ताप एकदा कागदावर लिहायचा आणि एकदा पडद्यावर. पेशंटपाशी बसण्यापेक्षा पेशंटबद्दल लिहिण्यातच पाळी जायची.

सुटी मागायला गेलं की मेट्रनबाई आधी त्यांचंच दुःख सांगायच्या. बाई वाईट नव्हत्या. त्याही त्या चरकातूनच निघालेल्या. "अगं, माझ्याकडे आहेत त्या एवढ्याच बायका," त्या म्हणायच्या. "पीठ मळून नव्या करू का?" आपण सुटी मागायला गेलेलो असायचो आणि त्यांचं सांत्वन करून परत यायचो.

भोंगाच्या घरी वेगळीच गत. नवरा मालट्रक चालवायचा, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरच. लेक शाळेत. आणि सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तो याच काळात. भेटायला येणारा प्रत्येक जण सासूबाईंना म्हणायचा, "तुम्ही नशीबवान हो, घरातच नर्स आहे." भोंगा चहाचे कप उचलता उचलता हे ऐकायची. दवाखान्यात कूस बदलून द्यायची, घरी येऊन कूस बदलून द्यायची. एकदा मला म्हणाली, "काडी, माझी पाळी संपते ती फक्त कागदावर."

आवाज कधी खाली गेला हे नेमकं सांगता येणार नाही. एक दिवस माझ्या लक्षात आलं की ती आत येऊन कपाटापाशी उभी आहे आणि मला कळलेलंच नाही. मग लक्षात यायला लागलं की ती पेशंटना नावाने बोलावत नाही. "खिडकीजवळची", "गादीवरची", "ती लघवीची नळी". असं आम्ही सगळ्याच बोलतो घाईत. पण ती कधी बोलत नसे.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका वारंवार भरती व्हायच्या, मूत्रपिंडाच्या आजाराने. वर्षानुवर्षांची ओळख. आम्ही त्यांना शाळेतल्या बाई म्हणायचो. त्या भोंगाचं बोलणं सुधारायच्या, "अगं, 'न' आणि 'ण' मध्ये फरक असतो," आणि ही मुद्दाम आणखी चुकवून बोलायची. दोघींचं ते भांडण ऐकायला अख्खा वॉर्ड कान टवकारायचा. एका सकाळी बाई गेल्या. भोंगाने त्यांचे डोळे मिटले, केस सारखे केले, त्यांच्या मुलीला जवळ बसवून सांगितलं, सगळं रीतसर केलं. मी चार्ज घ्यायला आले तेव्हा ती मागच्या खोलीत डबा खात होती.

मला वाटलं ती रडली असेल, म्हणून मी पाठीवर हात ठेवला. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काडी, मला काही झालंच नाही गं," ती म्हणाली. "बाई गेल्या आणि मला काही म्हणजे काही झालं नाही. भूक लागली. भाजीत मीठ कमी आहे, तेवढं मात्र कळलं."

"दमलीयेस तू."

"दमलेली माणसं रडतात. मी आत कुठेतरी मेलेबिले नाही ना?"

ती हसत होती, पण चमचा हातातच राहिला होता. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. दुसरं काय करणार? वॉर्ड बाहेर माझी वाट बघत होता.

तिच्या लेकीने मला असंच एकदा सांगितलं. शाळेत मैत्रिणींनी तिला वाळीत टाकलं होतं, ती घरी येऊन हमसून हमसून रडत होती. आईने कपाळाला हात लावला आणि विचारलं, "ताप आहे? पोटात दुखतंय? नाही ना? मग रडायला काय झालं?" आणि ती सासूबाईंचं अंथरूण बदलायला निघून गेली. "काडीमावशी, ती रागावली असती तरी चाललं असतं," मुलगी म्हणाली. "तिने मला तपासलं." त्यानंतर तिने आईला शाळेतलं सांगणं सोडून दिलं.

माणसं कमी असल्याची आमची तक्रार वर पोचलीच नाही असं नाही. पोचली. तिचं उत्तर म्हणून एक व्याख्यान ठेवलं गेलं. विषय होता, कामाचा ताण हसतमुखाने कसा हाताळावा. हजेरी सक्तीची. सकाळची पाळी संपल्यावर, आणि रात्रपाळी करून गेलेल्यांनीही पुन्हा यायचं. वक्ते गोड बोलणारे होते, सूटबूट घातलेले. त्यांनी आम्हाला डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. आम्ही मिटले. थोड्या वेळाने त्यांनी हळुवार आवाजात डोळे उघडायला सांगितलं, तर अर्ध्या रांगेने उघडलेच नाहीत. एक तर घोरत होती. वक्त्यांना वाटलं आपल्या आवाजाची जादू. भोंगा माझ्या शेजारी होती. ती जागी होती. हसलीही नाही. समोरच्या रिकाम्या फळ्याकडे बघत बसली होती.

मग ती दुपार आली. मी त्या दिवशी सुटीवर होते. जे सांगते ते मावशींकडून आणि नंतर थोडं थोडं तिच्याकडून कळलेलं.

वॉर्ड तुडुंब भरलेला. पाळीवर भोंगा एकटी, तीही आदल्या पाळीनंतर घरी न जाता थांबलेली, कारण दुपारची सिस्टर आजारी पडली होती. दारालगतच्या खाटेवर दम्याची एक तरुण मुलगी होती. तिचा श्वास एकाएकी कोंडला. ओठ निळे पडायला लागले. खाटेजवळचा सिलिंडर रिकामा निघाला. भोंगाने दुसरा ओढत आणला, मास्क लावला, शीर शोधून इंजेक्शन दिलं. डॉक्टरांना फोन लावला तर खाली अपघात विभागात एक बस उलटून जखमी आलेले, फोन कोणी उचलेना. तिने मावशींना सांगितलं, "पळा, जो डॉक्टर दिसेल त्याला ओढून आणा." मावशी आपले गुडघे घेऊन जिना उतरायला लागल्या.

त्याच वेळी पार टोकाच्या खाटेवरची एक प्रौढ बाई उठून बसली. हृदयाच्या त्रासासाठी भरती होती, सकाळपर्यंत बरी होती. तिने छातीवर हात ठेवला आणि हाक मारली, "सिस्टर." भोंगाने मान वळवून पाहिलं. मुलीच्या तोंडावरचा मास्क सोडता येत नव्हता, मुलगी हातपाय झाडत तो काढून फेकत होती.

"आले हं बाई, आले," भोंगा म्हणाली.

बाईने पुन्हा हाक मारली. हिने पुन्हा तेच सांगितलं. मुलीच्या छातीत जरा हवा जायला लागली तशी तिने मास्क शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या हातात दिला, "असा दाबून धरा," म्हणाली, आणि गाद्या ओलांडत टोकाला धावली. तोवर बाई उशीवर कलंडली होती. भोंगा खाटेवर चढून तिची छाती दाबत राहिली. डॉक्टर आले तेव्हाही दाबतच होती. त्यांनी तिला खांद्याला धरून खाली उतरवलं.

बाईचा मुलगा खालून औषध घेऊन वर आला. आईला पाहिल्यावर तो वेडापिसा झाला. त्याने ट्रॉली उलथवली, बाटल्या फुटल्या, एक काच भोंगाच्या दंडात घुसली. "काय करत होतीस तू? काय करत होतीस?" तो ओरडत होता. शेवटी तिथल्या माणसांनी त्याला बाहेर नेलं. मावशी प्रेताबरोबर खाली गेल्या. भोंगाने दंडाला पट्टी बांधली, फुटलेल्या काचा स्वतःच झाडल्या, आणि संध्याकाळची औषधं वाटली. कारण वाटायला दुसरं कोणीच नव्हतं. दम्याची मुलगी वाचली.

चौकशी बसली. समितीत एक अधीक्षक, एक वरिष्ठ डॉक्टर आणि एक कार्यालयातले गृहस्थ. मी बाहेरच्या बाकावर बसून होते. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं ऐकू येत होतं.

"तुम्ही मदत का मागितली नाही?"

"मागितली."

"ती वेळेवर का मिळाली नाही?"

"ते मला कसं माहीत असणार साहेब?"

"एका पेशंटकडे दुर्लक्ष झालं हे तुम्हाला मान्य आहे?"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वरिष्ठ डॉक्टर जरा मवाळ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हाला तुमच्या बाजूने काही सांगायचंय का?"

"मला झोप हवी आहे," भोंगा म्हणाली.

समितीला हे उद्धटपणाचं वाटलं. मला तिचा स्वर ओळखीचा होता. उद्धटपणा करायला अंगात जे काही लागतं ते तिच्यात उरलंच नव्हतं. तिने प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. निकालात 'दक्षतेत कसूर' असं आलं आणि तिला ताकीद मिळाली. त्या पाळीला एकच सिस्टर का होती, याबद्दल निकालात एक अक्षर नव्हतं.

आम्ही सगळ्याजणी यावेळी मात्र गप्प बसलो नाही. मेट्रनबाईंसकट अधीक्षकांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो. आमच्या वतीने मेट्रनबाईच बोलल्या. त्यानंतर प्रत्येक पाळीला दोघी मिळायला लागल्या. उन्हाळा संपेपर्यंत ते टिकलं. मग एकेकीला पुन्हा 'तात्पुरतं' म्हणून दुसरीकडे हलवलं.

भोंगा रजेवर गेली. मनाच्या डॉक्टरांकडे तिला मीच घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, गोळ्या दिल्या आणि पूर्ण विश्रांती सांगितली. विश्रांती म्हणजे घरी, आणि घरी सासूबाई. नवऱ्याने मात्र त्या वेळी शहाणपणा केला. लांबच्या फेऱ्या सोडल्या आणि आईचं सगळं अंगावर घेतलं. पहिल्यांदा आईचे कपडे बदलताना तो इतका घाबरला होता की खोलीबाहेर येऊन पायरीवर बसला. "हे तू रोज करत होतीस?" त्याने विचारलं. भोंगा म्हणाली, "हो, आणि तिकडे रांगेने." त्यानंतर त्याने ते काम तिच्यावर पुन्हा पडू दिलं नाही.

ती परत कामावर आली तेव्हा आम्हाला वाटलं, जमलं. चेहरा भरला होता, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. काम ती नीट करायची. पण टोकाच्या त्या खाटेकडे जाताना वळसा घालून जायची, आणि कोणी "सिस्टर" अशी हाक मारली की तिच्या हातातलं काम जागीच थबकायचं. वॉर्डात तर दिवसभर तीच हाक. "मला त्या बाईचा आवाज येत नाही काडी," तिने एकदा सांगितलं. "माझाच येतो. आले हं बाई, आले."

मग एका सकाळी, पाळी बदलताना, ती दम्याची मुलगी आली. आईला बरोबर घेऊन, हातात फुलं. अंगाने भरली होती, गालांवर रंग आला होता. "त्या सिस्टर कुठायत? मोठ्या डोळ्यांच्या? त्यांच्यामुळे मी आहे."

मी आनंदाने भोंगाला बोलवायला मागे गेले. ती बेडपॅन धुवायच्या खोलीत दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी नाही म्हणून सांग."

"अगं, वेडी का तू? ती आभार मानायला आलीय."

"काडी, मी तिचं तोंड बघितलं की मला दुसरीचं दिसणार." तिने माझा हात धरला. "सांग ना. म्हणावं बदली झाली."

मी सांगितलं. मुलीचा चेहरा एवढासा झाला. फुलं तिने टेबलावर ठेवली आणि निरोप द्यायला सांगून गेली. त्याच आठवड्यात भोंगाने राजीनामा दिला. मेट्रनबाईंनी तिला समोर बसवून खूप समजावलं, निवृत्तिवेतनाचं सांगितलं, इतक्या वर्षांची नोकरी म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या आणि म्हणाल्या, "जा बाई. तू तरी जा." निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. त्या दिवशीही वॉर्डात मी एकटीच होते. तिने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, मावशींना मिठी मारली आणि जिना उतरून गेली.

आता ती एका त्वचेच्या डॉक्टरांकडे काम करते. छोटासा दवाखाना, रस्त्याच्या कडेला, खाली चष्म्याचं दुकान. परवा मी पाळी संपवून तिच्याकडे डोकावले. काचेचं दार, कुंडीत झाड, भिंतीला लागून चार खुर्च्या. ती टेबलामागे बसून कोणाला तरी मलम कसं लावायचं ते सांगत होती. पेशंट गेला तसा तिने माझ्यासाठी चहा मागवला.

"बरं आहे ना इथे?" मी विचारलं.

"बरंय की. इथे कोणी मरत नाही. खाजवतात फक्त."

आम्ही दोघी हसलो. लेक आता पुन्हा थोडंथोडं बोलायला लागलीये, म्हणाली. शाळेतलं सगळं नाही, पण स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. सासूबाई गेल्या, ते मला माहीत होतं. त्या गेल्या तेव्हा रडू आलं का, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं की आलं नाही, पण महिन्याभराने, कपाटात त्यांचा चष्मा सापडला तेव्हा, आलं. खूप आलं. "मला इतकं बरं वाटलं काडी, काय सांगू. नवरा घाबरला, म्हणाला डॉक्टरांना फोन करू का. म्हटलं, राहू दे, रडू दे मला."

चहा आला. तिने वॉर्डाचं विचारलं. नाही म्हटलं तरी विचारलंच. मी सांगितलं की तिची जागा अजून भरलेली नाही, आणि मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. त्याच आठवड्यात एक आजी गेल्या आणि मी त्यांचं नाव केसपेपर बघून सांगितलं, हेही सांगितलं. इतके दिवस रोज त्यांना औषध देत होते.

भोंगा कपातला चहा हलवत राहिली.

"तुझ्या डॉक्टरांना विचार ना," मी म्हटलं, "अजून एखादी जागा आहे का."

तिला आधी गंमत वाटली. ती हसली, पूर्वीसारखी, मोठ्याने. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली.